कागदावरचे आकडे आणि पाण्यातली बोट : मोटर यॉट पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी

मोटर यॉट विकत घेणाऱ्याच्या, भाड्याने घेणाऱ्याच्या किंवा तिच्यावर खलाशी म्हणून लागणाऱ्याच्या हातात सगळ्यात आधी पडतो तो स्पेसिफिकेशनचा कागद. त्यात लांबी, रुंदी, वजन, इंजिनांची ताकद, टाक्यांची मापं असतात. बहुतेक जण जास्तीत जास्त वेग आणि केबिन किती एवढंच बघतात आणि कागद घडी करून ठेवतात. माझं सांगणं वेगळं आहे. तो कागद नीट वाचला, तर बोट वाऱ्यात कशी वागेल, थांबायला किती अंतर घेईल, कुठल्या लाटेत त्रास देईल, हे नांगर उचलायच्या आधीच कळतं. हाताळणी त्या आकड्यांतूनच येते.

उदाहरणाला एकच बोट धरू, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. ग्रँड बँक्स ४२ ही जगभर ओळखीची ट्रॉलर पद्धतीची मोटर यॉट आहे. अमेरिकन मरीन या कंपनीने ती १९६०च्या दशकात हाँगकाँगमध्ये बांधायला घेतली. आराखडा केनेथ स्मिथ यांचा. सुरुवातीच्या बोटी लाकडी होत्या, १९७३पासून फायबरग्लासच्या झाल्या. जुन्या ४२चे ढोबळ आकडे असे : एकूण लांबी सुमारे ४२ फूट ७ इंच, पाणरेषेवरची (बूड पाण्याला जिथे टेकतं तिथली) लांबी ४१ फुटांच्या आसपास, रुंदी १३ फूट ७ इंच, ड्राफ्ट (पाण्याखालचा भाग) ४ फूट २ इंच, वजन साधारण साडेपंधरा टन, प्रत्येकी १२० हॉर्सपॉवरची दोन फोर्ड लेहमन डिझेल इंजिनं आणि सुमारे २,२७० लिटर डिझेल. ही दिमाखाची बोट नाही. पण शिकणाऱ्याला हिच्याइतकी प्रामाणिक बोट क्वचित मिळते, कारण तिचा प्रत्येक गुण आणि दोष त्या कागदावर दिसतो.

आधी लांबी वाचा, पण कुठली?

एकूण लांबी म्हणजे टोकापासून टोकापर्यंत. जाहिरातीत कधी कधी पुढचा नांगराचा रोलर आणि मागचा पोहण्याचा फलाटही त्यात धरलेला असतो. धक्क्यावर जागा मागताना हीच लांबी सांगायची, कारण भाडं तिच्यावर लागतं आणि वळायला जागाही तिच्याच हिशोबाने लागते.

वेग मात्र ठरतो पाणरेषेवरच्या लांबीवर. बोट चालते तेव्हा नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, स्वतःची एक लाट उठवते. वेग वाढला की ती लाट लांबत जाते. एका वेगाला लाटेची लांबी बोटीच्या पाणरेषेएवढी होते. तेव्हा नाळ एका उंचवट्यावर, पिछाडी दुसऱ्यावर आणि मधे खळगा अशी बोट स्वतःच्याच लाटेत अडकते. त्यापुढे जायचं तर तिला स्वतःची लाट चढावी लागते. हा वेग काढायचं सूत्र सोपं आहे : पाणरेषेच्या फुटांचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल, असं येतं. ४१चं वर्गमूळ ६.४, म्हणजे उत्तर साधारण साडेआठ नॉट. ग्रँड बँक्स ४२ आरामात सात-आठ नॉटने का चालते आणि दहा मागितले की का धापा टाकते, ते इथेच कळतं.

बूड कसलं आहे ते बघा

कागदावर बुडाचा प्रकार लिहिलेला असतो. डिस्प्लेसमेंट बूड पाणी बाजूला सारत चालतं आणि वरच्या सूत्रातल्या वेगाशी थांबतं. प्लॅनिंग बूड पुरेशी ताकद मिळाली की पाण्याच्या वर चढून घसरत जातं. सेमी-डिस्प्लेसमेंट दोन्हींच्या मधलं. ग्रँड बँक्स ४२ या तिसऱ्या प्रकारात मोडते : पुढे व्ही आकार, खाली लांब कील (बुडाखालचा उभा कणा), मागे जवळजवळ सपाट बूड आणि बाजूला धारदार कडा.

सपाट बूड आणि धारदार कडा यांचा अर्थ असा की उभ्या बोटीत एका बाजूला पाच-सहा माणसं गेली तरी ती सहज कलत नाही. पाहुण्यांना हे फार आवडतं. पण बाजूने लाट आली की तेच बूड लाटेच्या उताराला चिकटून राहायला बघतं आणि बोट झटक्याने डोलते. डोलणं खोल नसतं, पण चटकन असतं, आणि माणसांना त्रास होतो तो या झटक्यांनी. त्यामुळे ही बोट अंगावर लाट घेत तासभर चालवू नये. दिशा तीस-चाळीस अंशांनी बदलून, नागमोडी वाट घेऊन जावं. अंतर थोडं वाढतं, पण माणसं उभी राहतात.

मुंबईच्या गेटवेसमोर दिसणाऱ्या चकचकीत यॉट बहुतेक प्लॅनिंगच्या असतात. त्यांची खोड वेगळी. सात-आठ नॉटला त्या नीट चालतात, वीसच्या वर नीट चालतात, पण मधल्या पट्ट्यात नाळ आकाशाकडे जाते, पिछाडी बसते, इंजिन घुसमटतं आणि सुकाणूवरच्या माणसाला समोरची होडी दिसेनाशी होते. नवखा माणूस 'हळू चालवतोय' असं समजून नेमका याच पट्ट्यात बोट चालवतो. एक तर खाली या, नाहीतर ट्रिम टॅब (पिछाडीच्या खालच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) थोडे खाली देऊन तो पट्टा झटपट पार करा. मधे रेंगाळू नका.

कागदावरच्या कमाल वेगाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. तो आकडा टाक्या अर्ध्या, माणसं कमी, बूड धुतलेलं आणि इंजिन नवं असताना काढलेला असतो. आपल्या कोमट समुद्रात बुडावर शेवाळ आणि शिंपले फार लवकर धरतात. अँटिफाउलिंग रंग जुना झाला की वेगाचे दोन-तीन नॉट बघता बघता जातात आणि डिझेल मात्र तेवढंच जळतं.

इंजिन, डिझेल आणि पल्ला

डिझेल इंजिन दर हॉर्सपॉवरमागे तासाला ढोबळमानाने ०.२ लिटर डिझेल घेतं. २४० हॉर्सपॉवर पूर्ण काढले तर तासाला ४८ लिटर. पण सात नॉटला या बोटीला ६० हॉर्सपॉवर पुरतात असं धरलं, तर खर्च १२ लिटरवर येतो. म्हणजे सागरी मैलामागे १.७ लिटर. नऊ नॉटच्या मागे लागलात तर मैलामागचा खर्च दुपटीच्या वर जातो, कारण तुम्ही ती मघाची लाट चढायला लागलेले असता.

पल्ला काढताना टाकीचे तीन भाग करायचे : एक जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायला. २,२७० लिटरचे दोन भाग म्हणजे सुमारे १,५०० लिटर, १२ लिटरने १२५ तास, सात नॉटने ८७५ सागरी मैल. मुंबई ते गोवा समुद्रमार्गे सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे. ही बोट मधे डिझेल न घेता जाऊन येते आणि तिसरा भाग शाबूत राहतो. ताशी दीडशे लिटर पिणाऱ्या आणि हजार लिटरची टाकी असलेल्या वेगवान यॉटचा हिशोब याच रीतीने करून बघा. वेग आणि पल्ला एकाच कागदावर शेजारी शेजारी छापलेले असले तरी ते एका वेळी दोन्ही मिळत नाहीत.

भरलेलं डिझेल जवळजवळ १.९ टनांचं होतं, हेही विसरू नका. टाक्या खाली असतात म्हणून ते वजन बोटीला स्थिर करतं. अर्धवट भरलेल्या टाकीतलं डिझेल मात्र डोलताना कलत्या बाजूला धावतं. आणि वरच्या फ्लायब्रिजवर (केबिनच्या छतावरच्या उघड्या मजल्यावर) दहा माणसं चढली की सगळा तोल बदलतो. सूर्यास्त बघायला सगळे एकदम वर जातात, तेव्हा तांडेलाने नाही म्हणायलाच हवं. मोठ्या मालकालाही.

युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटींना ए, बी, सी, डी असा सीई (युरोपीय प्रमाणचिन्हाचा) वर्ग मिळतो. बी म्हणजे बोफर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मोजपट्टीवर ८पर्यंतचा वारा आणि ४ मीटरपर्यंतची लाट, सी म्हणजे ६पर्यंतचा वारा आणि २ मीटर. त्याच पाटीवर जास्तीत जास्त माणसं आणि वजन लिहिलेलं असतं. पाटी सहसा सुकाणूजवळ सापडते. ती बोट काय सोसेल ते सांगते. चालवणारा काय सोसेल ते तिच्यावर नसतं.

ड्राफ्ट आणि आपली भरती-ओहोटी

४ फूट २ इंच म्हणजे १.२७ मीटर पाण्याखाली. मुंबईत हा आकडा सगळ्यात आधी पाठ करावा, कारण इथे उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरांच्या वर चढतं-उतरतं. भांगेच्या, म्हणजे दोन उधाणांच्या मधल्या दिवसांत फरक बराच कमी असतो.

नकाशावरची खोली खोल ओहोटीची असते. त्यात त्या वेळची भरतीची उंची मिळवायची. नकाशा ०.८ मीटर दाखवतोय, तक्त्याप्रमाणे आत्ता १.५ मीटर पाणी आहे, एकूण २.३ मीटर. त्यातून १.२७ वजा केले की बुडाखाली राहतो जेमतेम एक मीटर. अर्ध्या मीटरची लाट असेल तर खळग्यात त्यातलाही काही भाग जातो. इतक्या पाण्यात मी ओहोटी चालू असताना जात नाही. भरती चढत असताना बूड टेकलं तर थोड्या वेळात बोट आपोआप तरंगते. ओहोटीला टेकलं तर पुढचे अनेक तास ती कलून चिखलात बसते.

दोन वेळांच्या मधली उंची काढायला बारा भागांचा नियम वापरा. भरती साधारण सहा तास चढते. पहिल्या तासात एकूण फरकाच्या बाराव्या हिश्शाएवढं पाणी वाढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. फरक ४.२ मीटर असेल तर पहिल्या तासात ३५ सेंटिमीटर आणि तिसऱ्या तासात एक मीटरच्या वर. प्रवाहही तेव्हाच सगळ्यात जोरात असतो. शिकणाऱ्याने धक्क्याला लागायचा सराव भरती किंवा ओहोटी थांबायच्या सुमाराला करावा, तिसऱ्या-चौथ्या तासात नाही. भरतीचे तक्ते सर्व्हे ऑफ इंडिया छापतं, सागरी नकाशे डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं. फोनवरचं ॲप चालेल, पण छापील तक्ता बोटीवर असावा.

इंजिन चालू करण्याआधी

इंजिनघर उघडा आणि आधी नाकाने काम करा. डिझेलचा, जळक्या वायरचा वास येतोय का? मग तेल, कूलंट, पट्टे, बॅटरीच्या जोडण्या आणि तळाशी साचलेलं पाणी. पेट्रोलचं इंजिन असेल तर ब्लोअर (इंजिनघरातली हवा बाहेर काढणारा पंखा) चार-पाच मिनिटं चालवल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. पेट्रोलची वाफ जड असते, ती तळाशी बसते आणि एका ठिणगीची वाट बघते.

सगळ्यात जास्त वेळ मी समुद्राच्या पाण्याच्या गाळणीला देतो. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतलं जातं, आणि मुंबई बंदराच्या पाण्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे, पूजेच्या फुलांच्या माळा तरंगत असतात. आधी बुडातला व्हॉल्व्ह बंद करा. गाळणीचं झाकण काढा, जाळी बाहेर घ्या, झटकून उलट्या बाजूने धुवा, रबराची रिंग नीट बसवा, झाकण घट्ट करा आणि व्हॉल्व्ह परत उघडा. व्हॉल्व्ह उघडायचा राहिला तर पंपातला रबरी इंपेलर कोरडा फिरून काही मिनिटांत फाटतो. इंजिन चालू झालं की लगेच मागे जाऊन एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते डोळ्यांनी बघा. पाणी नसेल तर लगेच बंद. पाण्याचा तो आवाज कानात बसला पाहिजे. पुढे पिशवी अडकली तर तापमानाचा काटा वर जायच्या आधी आवाज बदलतो.

धूरही वाचता येतो. काळा धूर म्हणजे इंजिनावर भार जास्त किंवा हवा कमी, निळसर म्हणजे तेल जळतंय, आणि गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा पाणी.

लाइफ जॅकेट माणसागणिक आहेत का ते मोजा आणि अंगावर घालायला लावा. १८ डिसेंबर २०२४ला मुंबई बंदरात नौदलाची एक वेगवान बोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि अनेकांचे जीव गेले. गेटवेच्या इतक्या जवळ, दिवसाउजेडी. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट अशा वेळी शोधता येत नाही.

दोन इंजिनं, दोन लिव्हर

आता हाताळणीचा गाभा. कमी वेगात सुकाणूवर भरवसा ठेवू नका. सुकाणू काम करतं ते त्याच्यावरून पाणी वाहतं म्हणून. तीन नॉटच्या खाली, पंखा (प्रोपेलर) थांबलेला असताना, ते जवळजवळ निकामी असतं. दोन इंजिनांच्या बोटीत धक्क्याजवळ सुकाणू मधे ठेवायचं आणि बोट फक्त गिअरनी फिरवायची. थ्रॉटल अगदी कमीवर. पंधरा टनांच्या बोटीला तेवढं पुरतं.

डावं इंजिन पुढे आणि उजवं मागे घातलं की नाळ उजवीकडे फिरते आणि बोट जवळजवळ जागच्या जागी वळते. उलट केलं की डावीकडे. यात पंख्यांच्या फिरण्याचीही मदत असते. बहुतेक जोडइंजिन बोटींत पुढे जाताना पंखे वरच्या बाजूने बाहेरच्या दिशेला फिरतात. मागे घातलेला उजवा पंखा उलट फिरतो आणि पिछाडीला डावीकडे ढकलतो, म्हणजे नाळ आणखी उजवीकडे. हा बाजूचा धक्का प्रत्येक बोटीत असतो. एकाच इंजिनाच्या बोटीत तोच गोंधळ करतो : उजव्या हाताचा पंखा असेल तर रिव्हर्स घालताच पिछाडी डावीकडे सरकते, सुकाणू कुठेही असो. अशी बोट धक्क्याला शक्यतो डाव्या अंगाने लावावी. शेवटी रिव्हर्स मारला की पिछाडी आपण होऊन आत येते.

पुढून मागे किंवा मागून पुढे घालताना मधे न्यूट्रलमध्ये दोन-तीन सेकंद थांबा. गिअरबॉक्स वाचतो आणि बोट काय करतेय ते बघायला वेळही मिळतो. नवखे इथेच घाई करतात. लिव्हर हलवला, लगेच काही झालं नाही, म्हणून आणखी हलवला, आणि मग दोन्हींचा परिणाम एकदम येतो. जड बोट उशिरा ऐकते आणि ऐकलं की सोडत नाही.

वळताना बोट कुठल्या बिंदूभोवती फिरते तेही ओळखा. पुढे जाताना तो बिंदू नाळेपासून साधारण एक तृतीयांशावर असतो, म्हणजे पिछाडी मोठा फेरा मारते. धक्क्यापासून निघताना सुकाणू एकदम बाहेर फिरवलं तर पिछाडी धक्क्यावर आपटते. रिव्हर्समध्ये तोच बिंदू मागे सरकतो.

हे सगळं शिकायला धक्का नको. मोकळ्या पाण्यात एक फेंडर (बोट आपटू नये म्हणून बाजूला लावायची फुगीर उशी) सोडा आणि त्याच्याजवळ, तो कायम एकाच बाजूला हाताच्या अंतरावर राहील अशा बेताने, बोट थांबवायचा सराव करा. सात नॉटवरून न्यूट्रल केल्यावर किती लांब जाते आणि रिव्हर्स मारल्यावर किती, ते बोटीच्या लांबीत मोजा.

मुरिंग आणि धक्का

गेटवेसमोर यॉट बहुतेक मुरिंगवर, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या तरंगत्या बॉयाला बांधलेल्या असतात. मुरिंगच्या बॉयाकडे जाताना आधी शेजारच्या बांधलेल्या बोटींची तोंडं कुठे आहेत ते बघा. वारा आणि प्रवाह यांचा मिळून जो जोर आहे, त्याच्या विरुद्ध त्या उभ्या असतात. तुम्हीही त्याच दिशेने, प्रवाहाच्या विरुद्ध, हळू जा. बोट पाण्यातून पुढे सरकतेय पण जमिनीच्या हिशोबाने जवळजवळ थांबलीय अशी स्थिती येते. खलाशाला बोटहुक घेऊन नाळेवर बसायला अशी उसंत द्यायची. शेजारच्या बोटी उंच यॉट असतील तर त्यांच्यावर वाऱ्याचा परिणाम जास्त, बसक्या होड्या असतील तर प्रवाहाचा. आपल्यासारखी बोट बघून अंदाज बांधा.

ग्रँड बँक्ससारख्या बोटीची पुढची बाजू उंच आणि केबिनचा भाग मोठा, त्यामुळे वारा आधी नाळ उडवतो. ड्राफ्ट कमी आणि उंची जास्त असलेली कुठलीही यॉट हेच करते. बो थ्रस्टर (नाळ बाजूला ढकलणारा छोटा पंखा) असेल तर तो दोन-तीन सेकंदांच्या ठोक्यांत वापरा. विजेची मोटर सतत चालवली की तापून बंद पडते, आणि ती बंद पडते ती गरजेच्याच क्षणी.

धक्क्याला लागल्यावर एक दोर सगळ्यात उपयोगी : नाळेकडून निघून मागे धक्क्याच्या बोलार्डला (दोर बांधायच्या खुंटाला) जाणारा स्प्रिंग. तो पहिला बांधा. मग सुकाणू धक्क्यापासून बाहेरच्या बाजूला फिरवून इंजिन हळूच पुढे घाला. बोट दोरावर ताणली जाते, पिछाडी आत येते आणि बोट धक्क्याला चिकटून राहते. बाकीचे दोर सावकाश बांधा. निघताना त्याच दोरावर सुकाणू धक्क्याच्या बाजूला फिरवून पुढे घातलं की पिछाडी बाहेर निघते. नाळेपाशी मोठा फेंडर हवा. दोर कधी हाताला गुंडाळू नये, आणि बोट व धक्का यांच्या मधे हातपाय घालू नये. पंधरा टन कोणाच्या पायाने थांबत नाहीत.

भरती चार मीटर चढणार असेल तर पक्क्या धक्क्यावर दोर आखडून बांधून जेवायला जाऊ नका. तरंगत्या पाँटूनवर (पाण्याबरोबर वरखाली होणाऱ्या धक्क्यावर) ही चिंता नाही.

बाहेर पडल्यावर

गेटवे ते अलिबागजवळचा मांडवा साधारण आठ सागरी मैल, म्हणजे आपल्या बोटीने तासाभराची वाट. हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा वाढतो. मांडव्याला जाताना तो जवळजवळ पाठीमागून येतो, बोट लाटेबरोबर चालते, वारा जाणवतसुद्धा नाही. संध्याकाळी परतताना तोच वारा, तीच लाट तोंडावर येते आणि जाताना गाणी म्हणणारी मंडळी गप्प होतात. म्हणून परतीचा वेळ आणि डिझेल तोंडावरच्या लाटेच्या हिशोबानेच धरावं. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाट आखूड आणि उभी होते, हेही तक्ता बघून आधी ओळखता येतं.

तोंडावरच्या लाटेत वेग कमी करा आणि लाट थोडी तिरकी घ्या. पाठीमागच्या लाटेत उलट काळजी : लाटेवरून खाली घसरताना नाळ पाण्यात रुतते, पिछाडी पुढे यायला बघते आणि बोट आडवी पडते. वेग लाटेपेक्षा किंचित कमी ठेवा, सुकाणूवर लक्ष ठेवा आणि मागे बघत राहा.

टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२चे आहेत. ते मुळापासून वाचावेत. निदान एवढं पक्कं असू द्या : समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळायचं, आडव्या वाटेवर जिला दुसरी बोट आपल्या उजव्या अंगाला दिसते, तिने वाट द्यायची, ओलांडणाऱ्याने दूर राहायचं, मासे पकडणाऱ्या बोटीला वाट द्यायची, आणि वीस मीटरपेक्षा लहान बोटीने अरुंद मार्गात मोठ्या जहाजाची अडवणूक करायची नाही. बंदरात येताना आपल्याकडे लाल बॉया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला.

कोळी बांधवांची डोल जाळी प्रवाहात खुंटांना बांधलेली असतात, वर फक्त बॉये आणि डबे तरंगतात. त्या ओळींच्या मधून जाऊ नका, वळसा घाला. पंख्यात जाळं गेलं तर आपली बोट थांबते आणि कोणाच्या तरी हंगामाची कमाई जाते.

नांगर टाकताना

साखळी किती सोडायची हा हिशोब आत्ताच्या खोलीवर करायचा नसतो. ओहोटीला ४ मीटर पाणी, भरतीला आणखी ४, नाळ पाण्यापासून दीड मीटर उंच : बेरीज ९.५ मीटर. साखळीसाठी निदान पाचपट, म्हणजे ४७-४८ मीटर. वाऱ्यात सातपट. फक्त ओहोटीचं पाणी बघून वीस-पंचवीस मीटर सोडणाऱ्याचा नांगर भरतीला उपसला जातो. मात्र ओहोटी झाली की तेवढ्या साखळीवर बोट मोठ्या घेरात फिरते. शेजाऱ्यापासूनचं अंतर त्या घेराने ठरवा.

तोंड वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे करून बोट थांबवा, नांगर सोडा, ढीग न होऊ देता मागे सरकत साखळी द्या. मग हळूच रिव्हर्स घालून तो रुतलाय का ते तपासा. साखळीवर हात ठेवला की कळतं : सरपटणारा नांगर साखळीतून थरथर पाठवतो, रुतलेला गप्प असतो. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून दहा मिनिटं बघा.

कागदपत्रं आणि स्वतःचा तक्ता

बोटीची नोंदणी, विमा, व्हीएचएफ या बोटीवरच्या रेडिओचा परवाना आणि चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र यांबद्दल महाराष्ट्र सागरी मंडळ आणि बंदर कार्यालयात आधी विचारून घ्या. व्हीएचएफवर चॅनल १६ कायम ऐका. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४ आहे, तो सुकाणूशेजारी मोठ्या अक्षरांत चिकटवा. पावसाळ्यात गेटवे-मांडवा प्रवासी बोटीही बंद असतात. तेव्हा बोट वर काढून बूड, पंखे आणि गंज रोखणारे झिंकचे तुकडे बघावेत.

पहिल्याच मोसमात एक वही करा. शांत पाण्यात १,०००, १,२००, १,४०० असे आरपीएम वाढवत जा आणि प्रत्येक आरपीएमला जीपीएसवरचा वेग लिहा. एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा विरुद्ध, मग दोन्हींची सरासरी, म्हणजे प्रवाहाचा वाटा निघून जातो. शेजारी इंजिनाचं तापमान, तेलाचा दाब आणि ताशी डिझेल लिहा. टाक्यांत किती डिझेल-पाणी आणि बोटीवर किती माणसं होती तेही. बूड धुतल्यावर हीच चाचणी परत घ्या. पुढे कधी १,४०० आरपीएमला वेग एक नॉटने कमी दिसला, तर बुडावर वाढ झालीय, पंख्याला काही गुंडाळलंय किंवा इंजिनाला हवा-डिझेल कमी पडतंय, हे त्या वहीवरून त्याच दिवशी कळेल.